एकेचाळीस रिपॉझिटरी, एकही रिलीज नाही

'चार वर्षं नोकरीत पायथॉन आणि थोडं गो लिहितो. कोड ठेवायच्या गिटहब या साइटवर माझ्या ४१ रिपॉझिटरी, म्हणजे प्रोजेक्टची फोल्डरं आहेत, त्यांतल्या २९ फोर्क, म्हणजे इतरांच्या प्रोजेक्टच्या प्रती. प्रोफाइलवर भाषांचे बॅज, आकडेवारीची कार्डं, आपोआप टाइप होणारी ओळ, सगळं लावलंय. पण कुणी फिरकत नाही. वहीत प्रोजेक्टच्या २३ कल्पना आहेत. सध्या चार डोक्यात घोळताहेत: डुप्लिकेट फोटो शोधणारं टूल, मराठी मजकुरात नीट शोध घेणारी लायब्ररी, सगळं एकाच जागी करणारा टास्क मॅनेजर आणि स्वतःचं छोटं वेब फ्रेमवर्क. आजवर नऊ प्रोजेक्ट सुरू केले, पूर्ण एकही झाला नाही. प्रोफाइलमध्ये काय लिहू आणि कोणती कल्पना हातात घेऊ? – एक वाचक'

प्रश्न दोन्ही बरोबर आहेत, क्रम तेवढा उलटा लागलाय. प्रोफाइल ही कामाची अनुक्रमणिका. पुस्तकच नसेल तर अनुक्रमणिकेत छापणार काय? म्हणून आधी कल्पनांचं बघू. प्रोफाइल नंतर अर्ध्या तासात उरकेल.

फ्रेमवर्क यादीतून काढा. वाईट कल्पना म्हणून नव्हे. पण फ्रेमवर्क वापरणारा आपलं सगळं काम तुमच्या कोडवर उभं करतो. त्याला पुढची काही वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या, आवृत्ती बदलताना काय मोडेल त्याची यादी आणि सविस्तर दस्तऐवज लागतात. एकट्या माणसाच्या पहिल्या प्रोजेक्टवर तो एवढा भरवसा टाकणार नाही, आणि टाकूही नये. राउटिंग, म्हणजे कोणत्या पत्त्याला कोणता कोड उत्तर देणार ते, आतून कसं चालतं ते समजून घ्यायला जरूर लिहा. रीडमीच्या, म्हणजे प्रोजेक्टची ओळख सांगणाऱ्या फाइलच्या, पहिल्या ओळीत 'शिकण्यासाठी लिहिलेला कोड' असं म्हणा आणि रिपॉझिटरी अर्काइव्ह, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, करून टाका.

टास्क मॅनेजरमध्ये खोट आहे ती 'सगळं एकाच जागी' या शब्दांत. सिंक, सूचना, टाइमझोन, पुनरावृत्ती, यांतला प्रत्येक शब्द स्वतंत्र प्रोजेक्ट आहे. पुनरावृत्तीच घ्या. 'दर महिन्याच्या ३१ तारखेला' असं काम फेब्रुवारीत कधी दाखवायचं? कॅलेंडरसाठीचं आयकॅलेंडर मानक, म्हणजे २००९ सालचं आरएफसी ५५४५, सांगतं की अस्तित्वातच नसलेली तारीख सोडून द्यायची. वापरणाऱ्याला मात्र बहुधा महिन्याचा शेवटचा दिवस हवा असतो. या एका मुद्द्यावर दोन शनिवार-रविवार जातात, आणि पडद्यावर दाखवण्यासारखं अजून काहीच झालेलं नसतं. तुमच्या नऊ अर्धवट प्रोजेक्टांतले निदान तीन तरी असेच थांबले असणार.

उरल्या दोन. दोन्ही चांगल्या आहेत, पण आधी मराठीची लायब्ररी घ्या. फोटोंसाठी एफडुप्स, आरएमलिंट, चकावका अशी मुरलेली टूल्स आहेत. मराठी शोधाच्या गाठी मात्र तुम्हाला रोज दिसतात, आणि परक्या भाषेतल्या प्रोग्रामरला त्या दिसतही नाहीत. शिवाय प्रोजेक्ट लहान ठेवता येतो: मजकूर आत, शोधासाठी एकसारखा केलेला मजकूर बाहेर. पडदा नाही, डेटाबेस नाही, नेटवर्क नाही.

कामाचा गाभा असा. 'ॲप' हा शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला संकेतांक देणाऱ्या मानकात, तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो: स्वतंत्र 'ॲ' हे अक्षर वापरून, 'अ' आणि त्यापुढे अर्धचंद्र अशी दोन चिन्हं जोडून, किंवा 'ऍ' वापरून. स्वतंत्र 'ॲ' युनिकोडमध्ये आलं ते ५.१ आवृत्तीत, २००८ साली. त्यामुळे जुन्या मजकुरात दुसऱ्या दोन तऱ्हा मिळतात. पहिल्या दोन तऱ्हा पडद्यावर सारख्याच दिसतात, आतले संकेतांक वेगळे. आणि इथेच बहुतेक जण चुकतात: 'एनएफसी (समतुल्य चिन्हं एका रूपात आणण्याची युनिकोडची ठरलेली रीत) करून घेतलं की झालं' असं धरून चालतात. एनएफसी हे तिन्ही एक करत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ते समतुल्यच नाहीत. बदलाचं कोष्टक तुम्हालाच लिहावं लागेल.

दुसरी गाठ 'ऱ्य'ची. हा जोड 'र', हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह अशा तीन संकेतांकांनी लिहिता येतो, तसाच 'ऱ' आणि हलन्त अशा दोनांनीही. दिसायला एकच. नवखा माणूस काय करतो, तर 'न दिसणारी चिन्हं कचराच' म्हणून सगळे जॉइनर उडवून टाकतो. मग एका तऱ्हेने लिहिलेल्या 'दऱ्या'चं 'दर्या' होतं, आणि डोंगरातल्या खोल जागा शोधणाऱ्याला समुद्र सापडतो! 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांचंही तेच. स्वयंपाकी आणि गुरुजी एका रांगेत. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी 'र, हलन्त, जॉइनर' या त्रिकुटाचं 'ऱ, हलन्त' करा आणि मगच उरलेले जॉइनर काढा. दोन ओळींची अदलाबदल झाली तरी लायब्ररी चुकीचं उत्तर देईल, तेही कुठलीही त्रुटी न दाखवता.

अनुस्वार आणि परसवर्ण, म्हणजे 'अंत' आणि 'अन्त', हे एक मानायचे की नाही ते वापरणाऱ्यावर सोडा. पर्याय द्या, मूळ स्थितीत बंद ठेवा. देवनागरी आणि इंग्रजी अंक एक करणं सोपं आहे. पायथॉनचं 'इंट' हे फंक्शन देवनागरी अंकांची स्ट्रिंग थेट स्वीकारतं. नुक्त्याची, म्हणजे खाली टिंब असलेली, अक्षरं एनएफसी सांभाळून घेतं, त्यात वेळ घालवू नका.

जी गोष्ट हमखास विसरली जाते ती जागांची नोंद. एकसारख्या केलेल्या मजकुरात शब्द दहाव्या स्थानी सापडला, पण मूळ मजकुरात तो बाराव्या स्थानी आहे, कारण मध्ये दोन चिन्हं गळाली. सापडलेला शब्द पिवळा करून दाखवायचा तर मूळ जागा हवी. म्हणून पहिल्या दिवसापासून फंक्शनने दोन गोष्टी परत द्याव्यात: नवा मजकूर आणि त्यातल्या प्रत्येक चिन्हासाठी मूळ मजकुरातला क्रमांक. ही जोडणी नंतर घुसवायची म्हणजे सगळं पुन्हा लिहिणं आलं.

जाता जाता अक्षरतोडीचंही सांगतो, कारण तुम्हाला सापडलेल्या शब्दाच्या आजूबाजूचा मजकूर कापून दाखवायचा मोह होणार. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर, पायथॉनच्या लेखी लांबी ४, यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत १२ बाइट. मधोमध कापलं की लोंबकळता हलन्त किंवा निराधार वेलांटी उरते. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या अक्षरसमूहांत आला तो १५.१ आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये. त्याआधीच्या नियमांवर चालणाऱ्या लायब्ऱ्या 'क्षि'चे दोन तुकडे करतात. त्यामुळे तुम्ही वापरता ती लायब्ररी युनिकोडच्या कोणत्या आवृत्तीवर बांधली आहे ते बघून रीडमीत लिहून ठेवा.

आता ०.१ आवृत्तीत काय नसेल तेही आजच लिहा. सर्वांत वर: 'घर' शोधलं की 'घरातून' सापडणार नाही. पहिली मागणी हीच येईल, आणि ती रास्तही असेल. पण प्रत्यय सोडवणं हा वेगळा आणि कितीतरी मोठा प्रोजेक्ट आहे. 'घर'वरून 'घरा-' हे सामान्यरूप सोपं. 'पाणी'चं 'पाण्या-', 'फूल'चं 'फुला-' इथपर्यंत आलात की महिना गेला. या वाटेला लागलात तर दहावा अर्धवट प्रोजेक्ट तयार.

चाचण्यांसाठी एक साधी टॅबने विभागलेली फाइल ठेवा: पहिला शब्द, दुसरा शब्द, 'समान' किंवा 'भिन्न'. साठ-सत्तर जोड्या पुरेत, पण त्यांतला तिसरा हिस्सा 'भिन्न'चा असू द्या. सगळे 'समान'चीच तपासणी करतात आणि मग 'दऱ्या' समुद्राला मिळाल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. आणखी एक चाचणी फुकटात बरंच पकडते: एकसारख्या केलेल्या मजकुरावर तेच फंक्शन पुन्हा चालवलं तर काहीही बदलता कामा नये.

नऊ प्रोजेक्ट का थांबले, याबद्दल आमचा अंदाज असा. गाभा चालू झाला की मजा संपते; मग पॅकेज बांधणं, त्रुटींचे संदेश, रीडमी ही रटाळ कामं समोर येतात आणि तेव्हाच नवी कल्पना सुचते. यावर उपाय एकच: रटाळ काम आधी करा. पहिल्याच आठवड्यात एकच फंक्शन असलेलं पॅकेज बांधून टेस्टपायपीआय या सरावाच्या सूचीवर चढवा. इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. सरावाच्या सूचीवर नाव मिळालं म्हणजे खऱ्या पायपीआयवर, अर्थात पायथॉन पॅकेजांच्या मुख्य सूचीवर, ते राखीव झालं असं नाही. तिथेही आधी बघून घ्या. खऱ्या सूचीवर चढवलेली फाइल पुसली, तरी त्याच नावाची फाइल पुन्हा चढवता येत नाही; चूक झाली तर आवृत्तीचा आकडाच वाढवावा लागतो. तिसरा घोटाळा फार जणांना गाठतो: पॅकेज तुमच्या मशीनवर चालतं, इतरांकडे 'कोष्टकाची फाइल सापडत नाही' म्हणून पडतं. कारण तुम्ही प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये उभे राहून तपासता, आणि पायथॉन बसवलेल्या पॅकेजऐवजी शेजारचा फोल्डर उचलतो. कोड 'एसआरसी' नावाच्या फोल्डरात ठेवा, कोरं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (बाकीच्या पॅकेजांपासून वेगळी पायथॉनची जागा) बनवा, भलत्याच फोल्डरात जा, तयार झालेली व्हील फाइल (बांधलेलं पॅकेज) बसवा आणि तिथून चालवून बघा.

स्वयंचलित चाचणी पायथॉनच्या दोनच आवृत्त्यांवर लावा: तुम्ही पाठिंबा देणार असाल ती सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी. मधल्या सगळ्यांवर चालवून पहिल्या प्रोजेक्टला फारसं काही मिळत नाही.

परवान्याशिवाय रिलीज करू नका. परवाना नसलेला कोड 'सगळ्यांचा' होत नाही. सर्व हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. गिटहबच्या अटींमुळे इतरांना तो तिथे बघता आणि फोर्क करता येतो, पण आपल्या प्रोजेक्टमध्ये वापरण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. अशा छोट्या लायब्ररीला एमआयटी किंवा अपाची २.० शोभतं. अपाचीत पेटंटचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला आहे, एमआयटी एका पानात मावतो. बदल करून कोड वाटणाऱ्यांनीही तो खुला ठेवावा असं वाटत असेल तर जीपीएल. मात्र दुसरीकडचा जीपीएलचा तुकडा उचलून एमआयटीच्या लायब्ररीत टाकायचा आणि वर एमआयटीचीच पाटी ठेवायची, हे चालत नाही.

पत्रात तुम्ही विचारलं नाहीत, पण परवाना लावण्याआधी नोकरीचा करार काढून वाचा. फावल्या वेळात लिहिलेल्या कोडवरही कंपनी हक्क सांगू शकेल असं कलम काही करारांत असतं. तसं असेल तर प्रोजेक्टचं नाव आणि दोन ओळींचं वर्णन देऊन लेखी परवानगी घ्या. कंपनीचा लॅपटॉप आणि कंपनीचा ईमेल यांपासून हा कोड लांब ठेवा. जो हक्क तुमचा नाही, तो परवान्यातून तुम्ही दुसऱ्याला देऊ शकत नाही.

फोटोंच्या टूलचा नंबर दुसरा. तिथे दोन वेगळे प्रश्न एकाच नावाखाली फिरतात. बाइट-बाइट सारख्या फाइल्स शोधायच्या तर आधी आकारानुसार गट करा, एकट्या पडलेल्या फाइल्स सोडा, मग पहिल्या काही किलोबाइटचा हॅश, म्हणजे त्या मजकुरावरून काढलेला छोटा ठसा, आणि त्यातही जुळल्या तरच पूर्ण फाइलचा एसएचए-२५६. सरसकट सगळ्यांचा पूर्ण हॅश काढायला बसलात तर डिस्क वाचण्यातच वेळ जाईल. शून्य बाइटच्या फाइल्स एकमेकींसारख्या निघतात, त्या वगळा. हार्ड लिंक म्हणजे एकाच फाइलची दोन नावं. ती डुप्लिकेट मोजली तर जागा वाचल्याचा आकडा खोटा येतो.

आकार बदललेला किंवा पुन्हा कॉम्प्रेस झालेला तोच फोटो ओळखायचा असेल तर हा मार्ग निरुपयोगी. तिथे डी-हॅश वापरा: चित्र करड्या रंगात ९ रुंद, ८ उंच एवढं लहान करा, प्रत्येक ओळीत शेजारच्या पिक्सेलांची तुलना करा, ६४ बिट मिळतात. दोन चित्रांत किती बिट वेगळे ते मोजा. १०च्या आसपास फरक चालेल असं धरून सुरू करा आणि खाली या. त्याआधी एक्झिफमधली, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या माहितीतली, फिरवण्याची नोंद लागू करायला विसरलात तर आडवा आणि उभा फोटो कधीच जुळणार नाही. लागोपाठ काढलेले पाच फोटोही जवळजवळ सारखे निघतात, आणि त्यांतल्या एकातच सगळ्यांचे डोळे उघडे असतात. म्हणून टूलने स्वतःहून काही पुसू नये. यादी द्यावी, फार तर वेगळ्या फोल्डरात हलवावं.

आता प्रोफाइल. गिटहबवर तुमच्या युजरनेमच्याच नावाची सार्वजनिक रिपॉझिटरी काढून तिच्या मुळाशी रीडमी ठेवली की ती प्रोफाइलवर दिसते. ही सोय २०२० पासून आहे. तिथली आकडेवारीची कार्डं काढा. ती बाहेरच्या सेवेवरून येतात, सेवा अडखळली की तुमच्या नावाखाली तुटलेलं चित्र दिसतं. आणि चालली तरी 'पायथॉन ६२ टक्के' यातून वाचणाऱ्याला काय कळतं? कित्येकदा तो आकडा कुठल्याशा रिपॉझिटरीत चुकून चढलेल्या तयार फाइल्सचा असतो. टाइप होणारी ओळही काढा. वाचणाऱ्याला तुमच्या वेगाने वाचावं लागतं.

त्याजागी बारा-पंधरा ओळी पुरतात. कशावर काम करता ते नेमकं: 'बॅकएंड डेव्हलपर' असं नको, 'मराठी मजकुराचा शोध आणि अक्षरतोड, पायथॉनमध्ये' असं. मग प्रोजेक्ट, प्रत्येकापुढे एक ओळ आणि त्याची अवस्था: वापरण्याजोगा, प्रयोग, की थांबलेला. मग इतरांच्या प्रोजेक्टमध्ये स्वीकारल्या गेलेल्या तुमच्या दुरुस्त्या, थेट त्या पुल रिक्वेस्टच्या, म्हणजे बदल स्वीकारण्याच्या विनंतीच्या, लिंकसह. शेवटी संपर्क. नावाखालच्या परिचयाला १६० अक्षरांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत मात्रा व हलन्तही वेगळे मोजले जाऊ शकतात हे एव्हाना तुम्हाला पाठ झालंच असेल. सहा रिपॉझिटरी पिन करता, म्हणजे प्रोफाइलवर ठळक लावता येतात. सहा भरल्याच पाहिजेत असं नाही. सध्या एकच पिन करा.

कमिटचे, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदींचे, हिरवे चौकोन प्रोफाइलवर दिसत नाहीत अशी तक्रार पुढे कराल, म्हणून आधीच: कमिटमधला ईमेल खात्याला जोडलेला असावा लागतो, कमिट मुख्य शाखेवर हवी, आणि फोर्कमध्येच राहिलेल्या कमिट मोजल्या जात नाहीत. ईमेल नंतर जोडला तरी जुन्या कमिट मोजल्या जातात. प्रत्येक कमिटमधला ईमेल जगाला दिसतो. नको असेल तर गिटहबचा नो-रिप्लाय पत्ता गिटच्या सेटिंगमध्ये घाला. चौकोनांसाठी रोज एक कमिट करण्याच्या फंदात मात्र पडू नका.

इतरांच्या प्रोजेक्टमध्ये दुरुस्ती देताना आधी त्यांची योगदानाची फाइल वाचा. काही ठिकाणी प्रत्येक कमिटवर साइन-ऑफची ओळ लागते, 'गिट कमिट'ला लहान लिपीतला 'एस' (-s) हा पर्याय दिला की ती येते. काही प्रोजेक्ट बाहेरचा कोड घेतच नाहीत: एसक्यूलाइट सार्वजनिक मालकीचं आहे, कुणीही वापरावं, पण वाटेल त्याचे पॅच त्यात जात नाहीत. आणि रीडमीतल्या स्वल्पविरामापुरत्या पुल रिक्वेस्ट नकोत. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे मुक्त प्रोजेक्टना हातभार लावण्याच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात, असल्या विनंत्यांचा इतका पूर आला की तेव्हापासून प्रोजेक्टने स्वतः होकार दिल्याशिवाय त्यात धरायचंच नाही असा नियम झाला. त्यापेक्षा एखादा जुना बग घ्या, तो नक्की कधी होतो ते सर्वांत छोट्या उदाहरणात पकडा आणि नापास होणारी चाचणी लिहा. दुरुस्ती जमली नाही, तरी ही चाचणी सांभाळणाऱ्याच्या उपयोगी पडते.

शेवटी साफसफाई. स्वतःच्या बारा रिपॉझिटरींत पासवर्ड किंवा एपीआय की (बाहेरची सेवा वापरायची गुप्त किल्ली) राहिली आहे का ते इतिहासासकट तपासा. पुढच्या कमिटमध्ये पुसलेली की जुन्या कमिटमध्ये तशीच असते. सापडली तर आधी ती की रद्द करून नवी घ्या. इतिहास पुसणं त्यानंतर, गिट फिल्टर-रेपो या टूलने. उलट क्रम केला तर पुसत बसेपर्यंत ती वापरली जाऊ शकते. २९ फोर्कांपैकी ज्यांत तुमची एकही कमिट नाही ते खुशाल डिलीट करा. ज्यातून पाठवलेली पुल रिक्वेस्ट अजून उघडी आहे तो फोर्क मात्र ठेवा: फोर्क गेला की विनंती तिथे दिसत राहते, पण तिच्यात तुम्हाला पुढचा बदल ढकलता येत नाही.